गाळातली बेगमी

उन्हाळ्यात बेरिंगच्या समुद्रात बोटीवरून पाहिलं, तर पाण्यावर मधेच चहाच्या रंगाचा पट्टा पसरलेला दिसतो आणि त्यावर समुद्रपक्ष्यांची झुंबड उडालेली असते. पक्ष्यांना ठाऊक असतं, खाली करडा देवमासा जेवायला बसलाय. बसलाय म्हणण्यापेक्षा आडवा झालाय.

तेरा-चौदा मीटर लांबीचं, तीसेक टनांचं हे धूड उथळ समुद्राचा तळ गाठतं, कुशीवर वळतं, गाल चिखलाला टेकवतं आणि जीभ झटक्यात मागे ओढतं. गळ्याखाली दोन ते पाच खाचा असतात. त्या पसरल्या की तोंडाची पोकळी वाढते आणि पिचकारीचा दट्ट्या ओढल्यावर पाणी यावं तसा गाळ आत येतो. मग जीभ पुढे रेटून गाळ-पाणी बाहेर. आत उरतं ते बलीनमध्ये अडकलेलं अन्न. बलीन म्हणजे वरच्या जबड्यातून लोंबणाऱ्या, आपल्या नखांच्याच द्रव्याच्या पट्ट्या. दोन्ही बाजूंना प्रत्येकी दीडशेच्या आसपास, आणि आतल्या कडेला राठ केसांची झालर. काही देवमाशांची ही चाळण मैद्याची असते, याची रव्याची: आखूड, जाड आणि दणकट.

करड्या देवमाशांतले बहुतेक उजव्या कुशीवर वळतात. त्यामुळे उजवीकडचं बलीन जास्त झिजतं आणि त्या गालावर चिकटून राहणारे बार्नेकलही कमी असतात, घासून निघतात. थोडे डावरेही असतात. उठून गेल्यावर तळावर साधारण अडीच मीटर लांबीचा खळगा उरतो.

एवढ्या खटाटोपात मिळतं काय? अॅम्फिपॉड. कोळंबीचे दूरचे भाऊबंद म्हणा, पण मोठे झाले तरी बोटाच्या पेराएवढेच. चिखलात नळ्या करून ते दाटीवाटीनं राहतात. त्यांचं पोट भरतं वरून पडणाऱ्या शेवाळावर. हे शेवाळ वाढतं समुद्रावरच्या बर्फाच्या पोटाला. वसंतात बर्फ वितळलं की ते सुटतं आणि पाणी उथळ असल्यानं मधल्यामध्ये फस्त न होता पुष्कळसं थेट तळाला पोचतं. बर्फ, शेवाळ, अॅम्फिपॉड, देवमासा, अशी ही साखळी आहे. ती लक्षात ठेवा, पुढे लागेल.

हे जेवण चालतं जेमतेम चार-पाच महिने. आपल्याकडे पावसाळ्याची बेगमी करतात, तशी हा चरबीची करतो आणि थंडीच्या तोंडावर दक्षिणेला निघतो. उत्तर अमेरिकेचा किनारा धरून थेट मेक्सिकोतल्या बाहा कॅलिफोर्नियापर्यंत. जाऊन-येऊन पंधरा ते वीस हजार किलोमीटर, आणि वाटेत खाणं जवळजवळ नाहीच.

समागम प्रामुख्यानं याच वाटेवर होतो. गर्भ तेरा महिन्यांच्या आसपास राहतो, म्हणजे हिशेब असा: या हिवाळ्यात गर्भ राहिलेली मादी उत्तरेला जाते, दोन जिवांसाठी खाते आणि पुढच्या हिवाळ्यात दक्षिणेत येऊन विते. पिल्लू जन्मताच साडेचार मीटरचं. आईचं दूध निम्मं चरबी, पाण्यात सांडू नये इतकं दाट. ते दूध येतं कुठून? आई तर उपाशी. ते सगळं मागच्या उन्हाळ्यात चिखलातून वेचलेलं. बेगमी अपुरी पडली तर गर्भ टिकत नाही, किंवा पिल्लू पोसवत नाही. एरवीसुद्धा मादी दोन वर्षांतून एकदाच विते.

बाळंतपणासाठी त्यांनी निवडलेल्या खाड्या उथळ आणि निवांत आहेत. त्यातल्या एकीचं नाव ओहो दे लिएब्रे, म्हणजे सशाचा डोळा. १८५७च्या हिवाळ्यात चार्ल्स स्कॅमन हा अमेरिकी कप्तान तिथे शिरला आणि आडोशाची जागाच सापळा ठरली. पिल्लावर घाव पडला की आई होड्यांवर तुटून पडे, म्हणून शिकाऱ्यांनी तिला ‘सैतान मासा’ म्हटलं. (आपण देवमासा म्हणतो. मासा तो दोन्हीकडे नाही.) काही वर्षांतच शिकार परवडेनाशी झाली, इतके ते घटले. पुढे १८७४ साली स्कॅमननंच या प्राण्यांवर ग्रंथ लिहिला. अटलांटिकमधले करडे देवमासे तर त्याच्याही आधी, अठराव्या शतकातच संपले होते.

संरक्षणाची गोष्ट त्यामानानं सरळ आहे. १९४६च्या आंतरराष्ट्रीय करारानं व्यापारी शिकार थांबली. सायबेरियातल्या चुकोत्काच्या मूळ रहिवाशांना ठरावीक हिस्सा आजही आहे. मेक्सिकोनं १९७२ साली सशाच्या डोळ्याला संरक्षण दिलं. त्याच वर्षी शेजारच्या सान इग्नासियो खाडीत पाचिको मायोराल या कोळ्याच्या होडीला एक देवमासा अंग घासत राहिला आणि शेवटी पाचिकोनं भीत भीत त्याला हात लावला. आज तिथे पिल्लांना होडीपाशी घेऊन येणाऱ्या माद्या पाहायला जगभरातून लोक जातात. याच खाडीच्या काठी प्रचंड मिठागर बांधायचा मेक्सिको सरकार आणि मित्सुबिशी यांचा बेत होता. जोरदार विरोधानंतर २००० साली अध्यक्ष एर्नेस्तो सेदियो यांनी तो रद्द केला. त्याआधीच, १९९४ मध्ये, अमेरिकेनं पूर्व पॅसिफिकच्या करड्या देवमाशाला धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीतून काढलं होतं. २०१६च्या सुमारास त्यांची संख्या सत्तावीस हजारांच्या घरात होती.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण खाडीचं राखीव क्षेत्र करता येतं, बर्फाचं नाही.

२०१९पासून किनाऱ्यांवर हडकलेले मृत देवमासे लागू लागले. काही जहाजांच्या धडकेनं, काही ऑर्कांच्या हल्ल्यानं मेलेले, पण कित्येकांच्या अंगावर चरबीच नव्हती. २०२३ साली ‘सायन्स’मध्ये आलेल्या अभ्यासानं मागच्या पन्नासेक वर्षांचा ताळा मांडला: तळावरचं अन्न कमी किंवा बर्फामुळे तिथवर पोचणं अवघड, अशा वर्षांत देवमासे मोठ्या संख्येनं मरतात. आता बर्फ कमी होतंय, म्हणजे चरायला वेळ जास्त मिळतो. हे वरवर बरंच वाटतं. पण त्या साखळीचं पहिलं टोकही बर्फच आहे. शेवाळ घटलं की चिखल ओसाड पडतो, आणि ओसाड चिखलात कितीही वेळ लोळलं तरी पोट भरत नाही.

कॅलिफोर्नियाच्या कड्यांवर बसून शास्त्रज्ञ जाणारे-येणारे देवमासे मोजतात. २०२५च्या मोजणीत अंदाज निघाला सुमारे तेरा हजारांचा, नऊ वर्षांपूर्वीच्या निम्मा. त्या वसंतात आयांबरोबर उत्तरेला निघालेली पिल्लं होती सुमारे ८५. १९९४ पासून पिल्लांची मोजणी होते आहे. इतका कमी आकडा तोवर कधीच आला नव्हता.