काच वाढवली, गोंगाट वाढला

पुण्याहून कोल्हापूरपर्यंत मोटरसायकल दामटून आलेला माणूस हेल्मेट काढतो, तेव्हा त्याची मान आखडलेली असते, कानात बारीक शीळ वाजत असते आणि घरच्यांचं बोलणं शेजारच्या खोलीतून आल्यासारखं वाटतं. दोष बहुधा इंजिनाला नाहीतर सायलेन्सरला दिला जातो. पण गाडी ताशी साठ-सत्तरच्या पुढे गेली की चालवणाऱ्याच्या कानात सगळ्यात मोठा आवाज असतो तो वाऱ्याचा. मग कुणीतरी सुचवतं, गाडीला पुढे उंच काच बसव. काच येते, बसते, छातीवरचा वारा कमीही होतो. डोकं मात्र आधीपेक्षा जास्त हादरायला लागतं आणि दोन-अडीच हजार रुपये वाया गेल्याचं दुःख वेगळंच.

सरळ, एकसंध वारा अंगावर आला तर तो दाबतो, पण छळत नाही. छळते ती फाटलेली हवा. पुराच्या पाण्यात पुलाच्या खांबामागे जसं पाणी घुमतं, तसंच काचेमागे हवेचं होतं. काचेच्या वरच्या कडेवरून हवा वेगाने निसटते. काचेमागे दाब कमी असतो आणि तिथली हवा जवळपास थांबलेली असते. या दोन्हींच्या सीमेवर भोवरे तयार होऊन एकामागून एक सुटत राहतात. हा पट्टा थेट हेल्मेटवर आदळला की डोकं गदागदा हलतं, नजर ठरत नाही, लांबची पाटी वाचता येत नाही. रायडर मंडळी ‘बफेटिंग’ म्हणून कपाळाला हात लावतात ते हेच.

म्हणजे डोक्यासाठी चांगल्या जागा दोनच. एक तर ते भोवऱ्यांच्या पट्ट्याच्या पूर्ण वर, स्वच्छ वाऱ्यात हवं, नाहीतर पूर्ण खाली, काचेच्या आडोशाला. सगळ्यात वाईट जागा मधली, आणि बाजारात मिळणाऱ्या मध्यम उंचीच्या काचा नेमक्या तिथेच नेऊन सोडतात. त्यातही पाच फूट चार इंचाच्या माणसाला जी काच वरदान, तीच पाच फूट दहा इंचाच्या माणसाला शाप. म्हणून ‘माझ्या गाडीला हीच लावली, एकदम बेस्ट’ हा मित्राचा सल्ला ऐकण्याआधी मित्राची उंची बघावी.

आपलं डोकं नेमकं कुठे आहे ते फुकटात कळतं. मोकळ्या, सरळ रस्त्यावर, मागेपुढे वाहन नसताना, नेहमीच्या वेगात फूटपेगवर भार देऊन सीटवरून थोडं उठा. हादरे थांबून आवाज एकसारखा झाला, तर तुमच्यासाठी काच उंच आहे, छोटी लावा. थोडं वाकल्यावर शांत वाटलं, तर तेवढीच उंची वाढवायला हवी, आणि त्यासाठी काचेच्या कडेला चिमट्याने बसणारी छोटी वाढीव पट्टी मिळते. दोन्हीकडे काही फरक पडला नाही, तर हवा बहुधा खालून येते आहे, पुढच्या फोर्कमधून आणि टाकीच्या कडांवरून. त्यावर काच बदलून उपयोग नाही. फोर्कपाशी आडोसा करावा लागतो. आणि काच कापायला आरी हातात घेण्याआधी ती सरळ काढून ठेवून एक दिवस गाडी चालवून बघावी. बरेच जण ती परत लावतच नाहीत.

आणखी एक स्वस्त उपाय मला सगळ्यात आवडतो, कारण त्यामागचा विचार उलटा आहे. हवा अडवायची नाही, थोडी आत येऊ द्यायची. काचेच्या खालच्या कडेला, हेडलाइटच्या वर, बोट-दोन बोटं फट ठेवली तर तिथून शिरलेली हवा काचेमागचा कमी दाब भरून काढते आणि भोवरे नरमतात. थोडे लांब बोल्ट आणि मधे घालायचे स्पेसर एवढ्यात काम होतं.

मोटरसायकल आणि वारा यांचा अभ्यास सुरुवातीला आरामासाठी झालाच नाही. इटलीत कोमो सरोवराकाठी मंडेल्लो इथे मोटो गुझ्झी कंपनीने १९५०च्या सुमारास कारखान्यातच वातबोगदा (विंड टनेल) उभारला तो शर्यती जिंकण्यासाठी. दूरचा प्रवास करणाऱ्याला आडोसा द्यावा या विचाराने वातबोगद्यात घडवलेली गाडी म्हणजे १९७६ची बीएमडब्ल्यू आर १०० आरएस. आपल्याकडे राजदूत, येझदी, बुलेट या सगळ्या उघड्याबोडक्या. साठच्या वेगात वाऱ्याचा प्रश्नही नव्हता. आता महामार्ग चौपदरी-सहापदरी झाले, गाड्या ताशी शंभर किलोमीटर सहज धरतात, आणि वारा अचानक दखल घेण्याजोगा झाला.

त्यात एक्स्प्रेस वेवर दुचाकीला बंदी, त्यामुळे महामार्गावर ट्रकांची संगत आलीच. ट्रकच्या मागे वाऱ्याचा दाब कमी लागतो खरा, पण तिथली सगळी हवा फाटलेली असते. बरंच अंतर ठेवून मागे राहा किंवा झटकन पुढे जा, मधे रेंगाळू नका. साताऱ्याच्या आसपास डोंगराचा आडोसा संपला की कडेने येणारा झोत हे तर वेगळंच प्रकरण. चाळकेवाडी आणि वनकुसवड्याच्या पठारांवर पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत. अशा वाऱ्यात मोठी काच शिडासारखी वागते. तिथे उपाय एकच, वेग कमी.

हेल्मेट घेताना लोक वरचा आकार आणि चित्रं बघतात. ब्रिटनमधल्या बाथ विद्यापीठाच्या संशोधकांनी रस्त्यावर आणि वातबोगद्यात मोजमाप केलं, तेव्हा हनुवटीखालचा भाग आवाजाचा महत्त्वाचा उगम निघाला. तिथे मानेजवळ हेल्मेटची जी फट राहते, ती जितकी कमी तितकं बरं. हनुवटीखाली लावायचा कापडी पडदा, मानेभोवती घट्ट बसणारं कापड आणि गाल नीट दाबणारी गादी, हे आधी. ॲडव्हेंचर हेल्मेटची पुढे आलेली चोच चिखलात कामाची. महामार्गावर ती निव्वळ वारा पकडते.

इतकं करूनही कान वाचतीलच असं नाही. ताशी १०० किलोमीटरला हेल्मेटच्या आत १०० डेसिबलच्या आसपास आवाज भरतो. कामगारांच्या आरोग्यासाठी काम करणाऱ्या ‘नायॉश’ या अमेरिकी सरकारी संस्थेची मर्यादा ८५ डेसिबलला आठ तास अशी आहे, आणि दर तीन डेसिबलला हा वेळ निम्मा होतो. त्या हिशेबाने १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. पण याच गणितात एक सवलतही आहे. वाऱ्याचा आवाज वेगाच्या साधारण सहाव्या घाताने वाढतो, म्हणून १००वरून ८०वर आलं की जवळपास सहा डेसिबल उतरतात आणि पंधरा मिनिटांचा तास होतो.

बाकीचं काम फोमचे इअरप्लग करतात. हेल्मेटमधल्या स्पीकरचा आवाज वाऱ्यावर मात करायला वाढवत नेणं हा मात्र कानावर दुहेरी मार आहे. प्लग बोटांत वळून बारीक करा, दुसऱ्या हाताने डोक्यावरून कान वर-मागे ओढा, आत सरकवा आणि फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवा. नुसता कानाच्या दारात खोचलेला प्लग हेल्मेट चढवतानाच बाहेर येतो. हॉर्न ऐकू येणार नाही ही भीती नको. प्लग वाऱ्यासकट सगळंच खाली आणतो, त्यामुळे मागच्या ट्रकचा हॉर्न ऐकू येतो.