हलगीची थाप कुठे बोथट होते?

भूम तालुक्यातलं ईट घ्या, नाहीतर मराठवाड्यातलं कुठलंही गाव. सप्ताहात देवळावर बांधलेला तीसेक वॅटचा भोंगा शिवारातल्या वस्तीपर्यंत ऐकू जातो. आणि खोक्यावर 500 वॅट छापलेला डबा अंगणातच दमतो!

स्पीकरला दिलेल्या विजेतली फार थोडी आवाजात उतरते. घरगुती डब्यात शंभरातला एक भागही नाही; उरलेली सगळी उष्णता. 1 वॅट देऊन 1 मीटरवर किती डेसिबल मिळतात, यावरून स्पीकरचा कस कळतो. घरगुती डबा 87च्या आसपास, भोंगा समोरून 107च्या आसपास. मधले 20 डेसिबल म्हणजे शक्तीत 100 पट. भोंगा आवाज एकाच दिशेला फेकतो, हा त्यातला एक भाग. दुसरा भाग कर्ण्याचा: हलत्या पडद्याची विरळ हवेवर पकड बसत नाही, हळूहळू रुंदावणारा कर्णा ती बसवून देतो. शिंगाचं पसरट तोंड वेगळं काय करतं?

खरी परीक्षा हलगीची, किंवा तुळजाभवानीच्या गोंधळातल्या संबळाची. काडी पडते त्या क्षणी आवाज सरासरीच्या 15-20 डेसिबल वर उसळतो. भोंग्याला सरासरी 1 वॅट पुरत असेल, तर थापेला 100पर्यंत लागतील. तेवढ्याच आवाजासाठी डब्याला सरासरीच 100 वॅट, आणि थापेला 10,000पर्यंत! अँप्लिफायर तिथे हात टेकतो, लहरीचा शेंडा छाटला जातो आणि थाप फाटते.

त्यात व्हॉइस कॉइल तापते. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे 0.4 टक्के वाढतो. कॉइल 150 अंशांनी तापली, की रोध 60 टक्क्यांनी चढतो आणि आवाज जास्तीत जास्त 4 डेसिबलने खाली बसतो. ऑपरेटर बटण आणखी फिरवतो, कॉइल आणखी तापते.

‘अयोध्येचा राजा’ हा चित्रपट 1932 साली मराठीत बोलू लागला, त्या काळात मोजक्या वॅटांवर आख्खं थिएटर भरायचं, ते मोठाल्या कर्ण्यांच्या जोरावर.

भोंगा सर्वगुणसंपन्न मात्र नाही. साधारण 300 हर्ट्झच्या खाली तो मुकाच; पखवाजाची धूम त्यातून निघत नाही, भजन किरटं वाटतं. हॉफमनचा नियम इथे आडवा येतो: लहान डबा, खोल बास आणि जास्त कार्यक्षमता, यांतल्या दोनच गोष्टी एका वेळी मिळतात. हातात मावणारा ब्लूटूथ स्पीकर बास देतो, तो कार्यक्षमता गहाण टाकून.

तेव्हा पुढच्या सप्ताहासाठी साउंड ठरवताना मंडळाने वॅट नंतर विचारावेत. 1 वॅटला 1 मीटरवर किती डेसिबल, हे आधी.