सरहद्द आणि पोलीस

१९१० च्या ८ जुलैस मार्सेय बंदरांत ‘मोरिया’ बोटींतून निसटून विनायक दामोदर सावरकरांनीं फ्रान्सचा किनारा गांठला. फ्रेंच शिपायानें त्यांना धरलें खरें. पण न्यायासनापुढें न नेतां थोड्याच वेळांत ब्रिटिश पहाऱ्याच्या स्वाधीन केलें! लंडनच्या पोलीसप्रमुखानें पॅरिसला त्यांच्याविषयीं आगाऊ पत्र लिहिलेलें होतें. पुढें फ्रान्सनें हरकत घेतली. १९११ च्या फेब्रुवारींत हेगच्या लवादानें त्या स्वाधीन करण्यांत अनियमितता झाल्याचें मान्य केलें. तथापि कैदी परत देण्याचें बंधन ब्रिटनवर नाहीं, असा निवाडा दिला.

दोन पोलीस खात्यांच्या सलोख्यांत माणसाचा हक्क कोठें राहतो, हा प्रश्न तेव्हां उघडा पडला. १९२३ मध्यें व्हिएन्ना येथें स्थापन झालेली संस्था १९५६ पासून इंटरपोल म्हणून ओळखली जाते. तिच्याजवळ अटक करणारे शिपाईच नाहींत. तिची ‘रेड नोटीस’ म्हणजे विनंती; धरावयाचें कीं नाहीं, हें त्या त्या देशाचा कायदा ठरवितो. राजकीय, लष्करी, धार्मिक वा वांशिक बाबींत पडण्यास तिच्या घटनेच्या तिसऱ्या कलमानें मनाई आहे. राजाविरुद्ध युद्धाचा आणि खुनास साहाय्याचा असे दोन्ही आरोप असलेलें सावरकरांचें प्रकरण त्या कलमाच्या कोणत्या बाजूस पडलें असतें, यावर मात्र दोन सरकारांत आजहि वाद माजला असता.