हक्कांचा उदय आणि खटल्याचा अस्त : अमेरिकी फौजदारी न्यायाची ऐंशी वर्षे

अमेरिकेतील फौजदारी खटल्यात आरोपीचे जे हक्क आज स्वयंसिद्ध मानले जातात, त्यांतील बहुतेक हक्क राज्यघटनेच्या कागदावर १७९१ सालापासून नोंदलेले असले, तरी सामान्य आरोपीच्या वाट्याला ते येण्यास दीड शतकाहून अधिक काळ जावा लागला. याचे कारण त्या देशाच्या दुहेरी न्यायरचनेत आहे. वकिलाची मदत, ज्यूरीपुढील सुनावणी, बेकायदा झडतीपासून संरक्षण आणि स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती नसणे, ही सारी अभिवचने पहिल्या दहा घटनादुरुस्त्यांनी दिली ती संघीय सरकारच्या अंमलाला लगाम घालण्यासाठी. चोरी, मारामारी, दरोडा, खून असे बहुसंख्य गुन्हे मात्र चालतात घटकराज्यांच्या न्यायालयांत, आणि तेथे ज्या त्या राज्याचा कायदा व शिरस्ता हेच प्रमाण होते. यादवी युद्धानंतर, १८६८ साली, चौदाव्या दुरुस्तीने घटकराज्यांवरही विहित न्यायप्रक्रियेचे बंधन घातले. परंतु त्या बंधनाच्या पोटात नेमके कोणकोणते हक्क येतात, याचा निवाडा करण्यातच पुढील शंभर वर्षे खर्ची पडली.

या निवाड्याचा पहिला मोठा टप्पा म्हणजे १९३२ सालचा पॉवेल खटला. अलाबामा राज्यात १९३१ च्या मार्च महिन्यात मालगाडीतून जाणाऱ्या, पॉवेलसह नऊ कृष्णवर्णीय तरुणांना व पोरवयाच्या मुलांना दोन गोऱ्या स्त्रियांवरील बलात्काराच्या आरोपावरून पकडण्यात आले आणि अटकेपासून अवघ्या बाराव्या दिवशी स्कॉट्सबरो गावी खटले उभे राहिले. न्यायाधीशाने आरोपींच्या बचावासाठी गावातील समस्त वकीलवर्गाची नेमणूक केली. जबाबदारी सर्वांची, म्हणून ती कोणाचीच नाही, असा त्या नेमणुकीचा व्यवहारातला अर्थ झाला. आठ जणांना देहान्ताची शिक्षा फर्मावण्यात आली. त्यांतील सात जणांची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरविताना असे सांगितले, की ज्या खटल्यात प्राणावर बेतले आहे आणि आरोपी निर्धन व स्वतःचा बचाव करण्यास असमर्थ आहे, तेथे वकील देणे हे न्यायालयाचे कर्तव्यच होय. दहा वर्षांनी, १९४२ साली, मेरीलंडमधील एका शेतमजुराने दरोड्याच्या खटल्यात हीच मागणी केली, तेव्हा मात्र प्राणदंडाखेरीजच्या गुन्ह्यांत असा सरसकट हक्क नाही म्हणून त्याच न्यायालयाने त्याची दाद नामंजूर केली. न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांनी त्या निर्णयाशी आपला मतभेद नोंदविला, आणि एकवीस वर्षांनी तो मतभेदच कायदा म्हणून लिहून काढण्याचा योग त्यांना लाभला.

तो योग आणला क्लॅरेन्स अर्ल गिडिअन नावाच्या एका फाटक्या माणसाने. फ्लॉरिडातील पनामा सिटी येथे १९६१ च्या जून महिन्यात बिलियर्डच्या एका अड्ड्यात शिरून यंत्रातील नाणी व काही पेये चोरल्याचा आळ त्याच्यावर होता. वकील नेमून द्यावा, अशी विनंती त्याने भर न्यायालयात केली. प्राणदंडाच्या गुन्ह्याखेरीज तशी तजवीज राज्याच्या कायद्यात नाही, असे उत्तर न्यायाधीशाने दिले. मग गिडिअनने स्वतःच ज्यूरीपुढे प्रास्ताविक केले, साक्षीदार तपासले, निरपराधित्वाचे निवेदन केले आणि पाच वर्षांची शिक्षा पदरात घेतली. तुरुंगाच्या छापील कागदावर पेन्सिलीने लिहिलेली त्याची अर्जी सर्वोच्च न्यायालयाने दाखल करून घेतली, त्याच्या वतीने बाजू मांडण्यास एब फोर्टस या नामांकित विधिज्ञाची नेमणूक केली, आणि १८ मार्च १९६३ रोजी एकमताने असा निर्णय दिला, की गंभीर गुन्ह्याचा आरोप असलेल्या निर्धन आरोपीला वकील देणे हे प्रत्येक घटकराज्याचे घटनात्मक कर्तव्य आहे. निकालपत्र न्यायमूर्ती ब्लॅक यांचेच होते. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये त्याच न्यायालयात, त्याच न्यायाधीशापुढे खटला पुन्हा चालला. या खेपेस मुख्य साक्षीदाराची उलटतपासणी जाणत्या वकिलाने केली, आणि सुमारे तासाभराच्या विचारविनिमयानंतर ज्यूरीने गिडिअनला निर्दोष ठरविले. वकील नसणे म्हणजे काय, याचा इतका रोकडा पुरावा न्यायाच्या इतिहासात क्वचितच सापडेल.

सरन्यायाधीश अर्ल वॉरेन यांच्या कारकिर्दीतील (१९५३ ते १९६९) हे एकच शिखर नव्हे. क्लीव्हलंड येथे डॉलरी मॅप या स्त्रीच्या घरात पोलीस १९५७ साली शिरले, तेव्हा त्यांनी वॉरंट म्हणून एक कागद फडकविला. तिने तो हिसकावून पोलक्यात खुपसला, पोलिसांनी तो झटापट करून काढून घेतला, आणि खटल्यात मात्र तसे कोणतेही वॉरंट कधीच रुजू झाले नाही. बेकायदा झडतीत हाती आलेला मुद्देमाल घटकराज्यांच्या न्यायालयांतही पुरावा म्हणून ग्राह्य धरता येणार नाही, हा १९६१ चा दंडक या प्रकरणातून निघाला. पुढे १९६६ साली अर्नेस्टो मिरांडाच्या प्रकरणी न्यायालयाने पाचास चार मतांनी ठरविले, की ताब्यातील माणसाला प्रश्न विचारण्यापूर्वी मौन राखण्याचा त्याचा हक्क, त्याच्या बोलण्याचा त्याच्याविरुद्ध होऊ शकणारा उपयोग आणि वकिलाचा अधिकार, हे सर्व समजावून सांगितलेच पाहिजे. फीनिक्सच्या पोलीस ठाण्यात दोन तासांच्या चौकशीनंतर मिरांडाने लिहून दिलेल्या कबुलीजबाबाच्या माथ्यावर, आपण आपले कायदेशीर हक्क पूर्णपणे जाणून हे लिहीत आहोत, असा मजकूर आधीच टंकलिखित केलेला होता. ते हक्क त्याला सांगण्याची तसदी मात्र कोणी घेतली नव्हती. हे निकालपत्र लिहिणारे वॉरेन स्वतः पूर्वायुष्यात कॅलिफोर्नियातील सरकारी वकील होते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्यातील अनुभवाचा भाग उमगतो. मिरांडा पुढे त्या कबुलीविनाच, अन्य साक्षीवरून, पुन्हा दोषी ठरला.

येथवरची कथा उन्नतीची आहे, आणि ती सहसा येथेच संपविली जाते. १९६८ साली ज्यूरीचा हक्क घटकराज्यांना लागू झाला. १९८६ साली केवळ वर्णावरून ज्यूरीतील माणसे वगळण्याची सरकारी वकिलांची मुभा काढून घेण्यात आली. परंतु खटल्याचा हा प्रासाद दालनामागून दालने वाढवीत असताना त्यात येणाऱ्यांची वर्दळ ओसरत चालली होती. आरोपीने गुन्हा कबूल करावा, सरकारी वकिलाने त्या बदल्यात आरोप सौम्य करावा किंवा कमी शिक्षेची शिफारस करावी, ही पूर्वापार पडद्याआड चाललेली वहिवाट १९७० च्या सुमारास सर्वोच्च न्यायालयाने उघडपणे मान्य केली. १९७० सालीच नॉर्थ कॅरोलायनातील आल्फर्ड नावाच्या आरोपीचे प्रकरण निकालात निघाले. आपण खून केलेला नाही असे सांगत असतानाच, केवळ प्राणदंड टळावा म्हणून, त्याने कमी प्रतीच्या खुनाची कबुली दिली होती. ती कबुली न्यायालयाने वैध ठरविली.

या व्यवहाराचे खरे स्वरूप १९७८ च्या हेज प्रकरणात उघडे पडते. केंटकी राज्यात हेजवर ८८ डॉलर ३० सेंटच्या एका बनावट धनादेशाचा आरोप होता. कबुली दिल्यास पाच वर्षांची शिफारस करू, न दिल्यास मागील दोन गुन्ह्यांच्या आधारे सराईत गुन्हेगारांच्या कायद्याखाली नवा आरोप ठेवू, असे सरकारी वकिलाने त्यास स्पष्ट बजावले. हेजने खटला पत्करला, तो दोषी ठरला, आणि त्यास जन्मठेप झाली. हा सूड नसून वाटाघाटीतील देवघेव आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने पाचास चार मतांनी म्हटले. पाच वर्षे आणि आजन्म कारावास यांमधील अंतर गुन्ह्याच्या गांभीर्यावरून ठरले नव्हते. ज्यूरीपुढे जाण्याचा हक्क बजावण्याचे ते मोल होते. पुढे १९८६ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने किमान शिक्षा बांधून दिल्या, १९८७ पासून संघीय न्यायालयांत शिक्षेची कोष्टके अंमलात आली, आणि न्यायाधीशाचा विवेक जितका आखडला तितकी आरोप निवडणाऱ्या सरकारी वकिलाची सत्ता वाढली. जामिनाची रक्कम भरता न आल्यामुळे कोठडीत अडकलेल्या गरिबाला तर कबुली देऊन घरी जाणे आणि निरपराधित्व शाबीत करण्यासाठी महिनोन्‌महिने आत राहणे, यांतून निवड करावी लागते.

२०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने स्वतःच नमूद केले, की संघीय न्यायालयांतील ९७ टक्के आणि घटकराज्यांतील ९४ टक्के दोषसिद्धी गुन्ह्याच्या कबुलीतून येतात. निमित्त होते मिसुरीतील फ्राय या आरोपीचे. परवाना रद्द झाला असताना वाहन चालविल्याच्या त्याच्या गुन्ह्यात सरकारी वकिलाने पत्राद्वारे मुदतबंद प्रस्ताव धाडले होते, त्यांतील एकात ९० दिवसांच्या शिक्षेची तयारी होती. पण ते पत्र त्याच्या वकिलाने अशिलाला दाखविलेच नाही, आणि अखेरीस त्यास तीन वर्षांची शिक्षा झाली. वकिलाच्या सक्षम साहाय्याचा हक्क वाटाघाटीलाही लागू होतो, असे न्यायालयाने या वेळी पाचास चार मतांनी ठरविले. भारतानेही २००५ च्या दुरुस्तीने कबुलीच्या वाटाघाटीची ही पद्धत फौजदारी प्रक्रियेत आणली. मात्र सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेची मर्यादा घालून, आणि स्त्रिया व लहान बालके यांच्याविरुद्धचे गुन्हे वगळून.

या ऐंशी वर्षांत मिळविलेले हक्क व्यर्थ गेले, असे म्हणणे अन्यायाचे होईल. बेकायदा झडती किंवा सदोष कबुलीजबाब वकिलाच्या हाती असला, तर वाटाघाटीतही आरोपीचे पारडे जड होते. परंतु हक्क देणाऱ्यांनी तो बजावण्याची किंमत ठरविणे दुसऱ्यावर सोपविले, ही या कालखंडाची मोठी उणीव होय. गिडिअनला सोडविले ते उघड न्यायालयातील उलटतपासणीने. आणि ज्या व्यवस्थेत शंभर दोषींतील पंचाण्णव जण दोषी ठरतात ते साक्षीदाराला एकही प्रश्न विचारला न जाता, त्या व्यवस्थेने वकील पुरविला तरी त्या वकिलाचे मुख्य काम तिने काढून घेतले आहे. म्हणून यापुढील सुधारणेची कसोटी नवा हक्क देण्यात नाही. खटला मागणाऱ्याला आणि कबुली देणाऱ्याला होणाऱ्या शिक्षांतील अंतर किती असावे, याला कायद्याने मर्यादा घालण्यात ती आहे.