आर्किटेक्चर शिकणाऱ्या पोराला आपलंच घर का आवडेनासं होतं?

बारावीनंतर 'नाटा' देऊन पोर आर्किटेक्चरला जातं, तेव्हा घरच्यांचा हिशेब साधा असतो. पाच वर्षांनी आपल्या प्लॉटवर झकास घर उभं करून देईल. त्या वेळी 'झकास' म्हणजे काय, यावर घरात एकमत असतं: दोन मजली स्लॅब, दर्शनी भागाला चकचकीत टाइल्स, गॅलरीला स्टीलचं रेलिंग. तिसऱ्या वर्षी सुट्टीला आलेलं तेच पोर या सगळ्याला नाक मुरडतं. त्याला उघड्या विटा, बिनगिलाव्याचं काँक्रीट, मधला चौक आवडायला लागलेला असतो. आईला वाटतं, फी भरून पोरगं बिघडवलं.

हा बदल अभ्यासकांनी मोजूनही पाहिला आहे. ब्रिटनमध्ये १९८७ साली डेव्हिड हाल्पर्न या मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यानं काही मुलांना अनोळखी माणसांचे आणि इमारतींचे फोटो दाखवून गुण द्यायला सांगितलं. चेहऱ्यांच्या बाबतीत सगळ्यांचं मत साधारण जुळलं. इमारतींच्या बाबतीत मात्र आर्किटेक्चरची मुलं एकीकडे आणि बाकीची दुसरीकडे. शिक्षणाची वर्षं जितकी जास्त, तितकी ही तफावत मोठी. पुढे १९९६ मध्ये मार्गारेट विल्सन यांनी तिथल्याच दोन आर्किटेक्चर संस्थांतली मुलं तपासली. आवड वर्षागणिक बदलत जाते, आणि ज्या संस्थेत शिकता तिचीच आवड अंगी लागते, असं त्यांना दिसलं.

हे होतं कसं? शिकायला येण्याआधी इमारत म्हणजे रस्त्यावरून दिसते ती, म्हणजे एलिव्हेशन. कॉलेजात पहिल्यांदा 'सेक्शन' काढायला लावतात, म्हणजे इमारत सुरीनं कापल्यासारखी आतून दाखवायची. मग ऊन कुठून येतं, वारा कुठून जातो, माणूस कुठे थांबतो, हे दिसायला लागतं. पणजीची कला अकादमी घ्या. चार्ल्स कोरिया यांची ही इमारत १९८३ साली पुरी झाली. बाहेरून बघणाऱ्याला ती बुटकी वाटते, भपका काहीच नाही. शिकलेल्या पोराला मात्र रस्त्यावरून थेट मांडवीकडे जाणारी, इमारतीच्या पोटातली सावलीची मोकळी वाट दिसते.

आपल्या भागातली जुनी घरं टेपनं मोजायला गेल्यावरही असंच होतं. सोपा, माजघर, परसू, बाहेर लांब आलेली कौलांची पाख. भिंतीवर पाणी येऊ नये म्हणूनच ती पाख तेवढी लांब ठेवलेली. आता आपण काय करतो? स्लॅब टाकतो, दोन-चार पावसाळे गळती सोसतो आणि मग गच्चीवर पत्रा मारतो. बेळगावात कुठल्याही उंच गच्चीवरून बघा, निम्मी गल्ली पत्र्याखाली. इथे पोराचं म्हणणं ऐकण्यासारखं आहे.

पण दुसरी बाजूही आहे. पाच वर्षं त्याचं काम तपासते ती 'ज्युरी': शिक्षक आणि बाहेरून आलेले आर्किटेक्ट. त्यात घरमालक नसतो, गवंडी नसतो आणि स्वयंपाकघर सांभाळणारी बाई तर नसतेच. पापड कुठे वाळवायचे, गणपती कुठे बसवायचा, ओल्या छत्र्या कुठे ठेवायच्या, असले प्रश्न ज्युरीत क्वचितच निघतात. त्यामुळे ज्युरीला आवडलं तेच चांगलं, अशी सवय लागते. अभ्यासक्रमात एक सेमिस्टर ऑफिसात प्रत्यक्ष काम शिकायला असतं, तिथे ती थोडी उतरते. बिनगिलाव्याच्या भिंतीचा आग्रह धरणाऱ्याला साइटवरचा मिस्त्री एकच विचारतो, "साहेब, पश्चिमेच्या पावसाला काय करायचं?"

(आणि हो, हे 'वास्तुशास्त्र' नव्हे. देवघराची दिशा त्याला विचारू नका. आर्किटेक्चर कॉलेजात मुख्यतः ते शिकवत नाहीत.)

घर बांधायला काढलंय आणि आर्किटेक्ट नवखा आहे? मग नुसतं रंगीत थ्रीडी चित्र बघून मान डोलावू नका. सेक्शन समोर ठेवून समजावून मागा: पाणी कुठून उतरणार, दुपारचं ऊन कुठल्या खोलीत येणार. आणि तुमच्या घरात सकाळी सहापासून रात्रीपर्यंत कोण कुठे बसतं, काय करतं, हे त्याला एकदा नीट सांगा. जमलं तर पहिली रेघ ओढायच्या आधी त्याला दिवसभर घरीच बोलवा, जेवायलाच.