अर्धा रुपया कोणाचा?

सकाळी ६. रात्री लावून दिलेलं काम एआय एजंटनं उरकलंय. खामगावच्या एका अडत दुकानाची हिशोबपट्टी जँगोवरून एक्स्प्रेसवर न्यायचीय. म्हणजे भाषाही बदलणार, पायथनऐवजी जावास्क्रिप्ट. एजंट आपणच फायली वाचतो, कोड लिहितो, चाचण्या चालवतो, फसलं तर पुन्हा लिहितो. चहा घेत बदललेल्या ओळी वाचायला बसतो.

८. चाचण्यांच्या फोल्डरला त्याला हात लावू देत नाही. अडलं की कोडऐवजी चाचणीच सैल करायची खोड या एजंटांना असते. माझ्या चाचण्या दुकानाच्या जुन्या पट्ट्यांवरून बांधल्यात: सोयाबीन, तूर, हरभरा, नावं काढलेली, आकडे तेच.

१०. दिवाणजी वजन देवनागरीत टाइप करतात. पायथनला ‘१२’ दिलं तर बारा कळतं, जावास्क्रिप्टला तो आकडाच वाटत नाही. एजंटनं अशा जागी गुपचूप शून्य घातलं होतं. पोत्यांची थप्पी मारलेला माल, आणि वजन शून्य! सूचना बदलली: देवनागरी अंक आधी फिरवून घे, तरी वाचता आलं नाही तर पट्टी थांबव, अंदाज करू नकोस.

दुपारी १. दुकानात दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवल्या. दिवाणजींनी बोट ठेवलं, “भाऊ, हमालीत रुपया जास्त कटून राह्यला.” हमाली होती २१२.५०. जुन्यात २१२ कापलेले, नव्यात २१३. पायथन ३ बरोबर अर्ध्यावर आलं की सम आकड्याकडे वळतं, जावास्क्रिप्ट वर जातं. पण मग २१३.५० ला जुनी पट्टीही २१४ कापत असणार. काढून पाहिलं, तसंच निघालं. दिवाणजी गप्प झाले, मग म्हणाले, “वहीत लिहीत होतो तवा अर्धा रुपया शेतकऱ्यालेच सोडत होतो.” हे कुठल्याच कोडमध्ये नव्हतं, त्यामुळे एजंटला ते सापडणंही शक्य नव्हतं. असं माणसालाच विचारावं लागतं, आणि त्यासाठी दुकानात जाऊन बसावं लागतं.

४. मालकांनी वहीचाच नियम ठेवायला सांगितलं. तरी घाई नाही. आधी नवी पट्टी जुनीशी पैशापैशाला जुळवायची, नियम नंतर वेगळ्या कमिटमध्ये बदलायचा. नाहीतर चूक कुठली आणि सुधारणा कुठली, हे पुढे कळणार नाही.

रात्री ९. सगळ्या जुन्या पट्ट्या जुळल्या. अर्ध्या रुपयाचा नियम लिहून त्याची चाचणी जोडली. एजंटला आता बारदान्याची वजावट लावून दिलीय.