ताम्हिणीत दीड हजारांचा ट्रायपॉड

पावसाळ्यात पौड मागे टाकून ताम्हिणीकडे निघालं की रस्त्याच्या कडेला जागोजाग कॅमेरे बाहेर निघालेले दिसतात. ट्रायपॉड मात्र क्वचितच दिसतो. विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: स्वस्तातला घेऊन उपयोग नाही आणि महागाचा परवडत नाही. या समजापायी कितीतरी जणांचे धबधबे हललेले आणि तारे रेघोट्या झालेले घरी येतात. हजार-दीड हजार रुपयांच्या ॲल्युमिनियमच्या ट्रायपॉडवर मी मुळशीतले कित्येक पावसाळे काढले आहेत. त्याची ताकद कुठे संपते ते मला माहीत आहे. त्याच्यावर केले जाणारे बरेचसे आरोप खोटे आहेत, हेही माहीत आहे.

‘स्वस्त ट्रायपॉड हलतोच’ हा सगळ्यांत जुना आरोप. तीन पाय कसल्याही ओबडधोबड जागेवर टेकतात. तीन दगडांची चूल डुगडुगत नाही, चार पायांचं स्टूल डुगडुगतं. तेव्हा दोष तीन पायांचा नाही. बहुतेक वेळा हलते ती मधली दांडी. उंची वाढवायची म्हटलं की आपण आधी तीच वर ओढतो, कारण ते सगळ्यांत सोपं असतं. दांडी वीतभर वर गेली की भक्कम तिवईच्या माथ्यावर एक काठी उभी राहते आणि कॅमेरा त्या काठीच्या टोकावर डोलू लागतो. दांडी पूर्ण खाली ठेवा. उंची पायांनी वाढवा, तीही आधी वरच्या जाड नळ्या उघडून. सगळ्यांत खालची नळी सगळ्यांत बारीक असते, गरज नसेल तर ती उघडूच नका. डोळ्यांच्या उंचीचा हट्ट सोडून कॅमेरा कमरेच्या उंचीवर आणला, तर याच दीड हजारांच्या ट्रायपॉडची निम्मी थरथर जाते. वाकावं लागतं, पण धबधब्याचा फोटो खालूनच जास्त भरतो.

खरं दुबळं असतं ते डोकं, म्हणजे ज्याच्यावर कॅमेरा बसतो तो भाग. स्वस्त ट्रायपॉडमध्ये तो प्लास्टिकचा असतो आणि मूठ घट्ट आवळली तरी कॅमेरा किंचित खाली झुकतो. त्यावर उपाय एवढाच की चौकट थोडी वर धरून आवळायची आणि तो झुकून स्थिरावला की मग फोटो घ्यायचा. कॅमेऱ्याच्या बुडाला बसणारा स्क्रू दोन सुती, म्हणजे पाव इंची असतो आणि तो जवळपास सगळ्या कॅमेऱ्यांना चालतो. ‘माझ्या कॅमेऱ्याला स्वस्त ट्रायपॉड बसणार नाही’ ही भीती म्हणूनच निराधार आहे.

खोक्यावर छापलेल्या ‘५ किलो’ या आकड्यावर मात्र विसंबू नका. तेवढ्या वजनाने ट्रायपॉड मोडणार नाही, असा त्याचा फार तर अर्थ निघतो. कॅमेरा किती स्थिर राहील, हे त्यातून कळत नाही. शिवाय हा आकडा ठरवण्याची सगळ्या कंपन्यांना बांधील अशी एकच पद्धत नाही.

वजनावरून आठवलं. वाऱ्यात मधल्या दांडीच्या हुकाला पिशवी अडकवावी, हा सल्ला सगळेच देतात. तो अर्धाच खरा आहे. घाटमाथ्यावर वारा भणाणत असताना लोंबकळणारी पिशवी झोका घेते आणि प्रत्येक झोक्याबरोबर ट्रायपॉडही हलवते. पिशवीचं बूड जमिनीला जेमतेम टेकलेलं हवं. हूक नसेल तर दांडीला सुतळी बांधा, तिचं दुसरं टोक पायाखाली धरून ताणा. उतारावर दोन पाय उताराच्या बाजूला आणि एक चढाच्या बाजूला ठेवायचा. जमीन मोजणारे आपलं तिपायी यंत्र उतारावर असंच उभं करतात.

‘ट्रायपॉडवर काढला म्हणजे फोटो स्पष्टच येणार’ या समजाने सगळ्यांत जास्त फोटो वाया जातात. ट्रायपॉड कॅमेऱ्याला थांबवतो, समोरच्या पानाला नाही. वाऱ्याने हलणारी कारवी अर्ध्या सेकंदात पुसटच येणार. आणि बटण बोटाने दाबलं की तो धक्का थेट कॅमेऱ्याला बसतो. म्हणून २ किंवा १० सेकंदांचा टायमर लावायचा. तो जवळपास प्रत्येक कॅमेऱ्यात आणि बहुतेक फोनमध्ये असतो, त्याला वेगळा खर्च नाही. जुन्या डीएसएलआरमध्ये आतला आरसा उचलला जातानाही धक्का बसतो. लोकांना वाटतं की फोटोला दिलेला वेळ जितका जास्त, तितका हा धक्का जास्त दिसणार. घडतं उलट. साधारण १/३० ते १ सेकंद या पट्ट्यात तो सगळ्यांत जास्त दिसतो. पंधरा सेकंदांच्या फोटोत पहिल्या क्षणाची थरथर उरलेल्या शांत वेळात बुडून जाते. पंचाईत अशी की धबधब्याचं पाणी रेशमासारखं दिसायला पाव ते एक सेकंद लागतो, म्हणजे बरोबर तोच पट्टा. तिथे टायमर आणि आरसा आधीच वर ठेवण्याची सोय, दोन्ही वापरा. लेन्समधलं थरथर रोखणारं यंत्र ट्रायपॉडवर बंद करावं की नाही, ते कॅमेऱ्याच्या पुस्तिकेत पाहा. जुन्या लेन्समध्ये ते चालू ठेवलं तर कधी कधी तेच थरथर निर्माण करतं. आणि ताम्हिणीचा रस्ता माणगावकडे जातो, त्यावर जड वाहनं असतात. पुलाच्या कठड्याजवळ ट्रायपॉड लावला असेल, तर ट्रक जाऊ द्या, मग बटण दाबा.

रेशमी पाण्यासाठी महागडा काळा फिल्टर लागतोच, असं नाही. भर पावसाळ्यात ताम्हिणीच्या झाडीत इतका कमी उजेड असतो की आयएसओ १०० आणि एफ/११ वर फिल्टरशिवायही पाव सेकंदाच्या आसपास वेळ मिळतो.

रात्रीच्या फोटोबद्दलचे गैरसमज वेगळे. ‘चंद्र काढायला खूप वेळ उघडं ठेवावं लागतं’ हे चूक आहे. पौर्णिमेचा चंद्र म्हणजे उन्हात पडलेला खडक. एफ/११, आयएसओ १०० आणि १/१०० सेकंद एवढं पुरतं. ट्रायपॉड लागतो तो लांब लेन्समुळे. ताऱ्यांना मात्र वेळ लागतो आणि तो बेतात ठेवावा लागतो, कारण पृथ्वी फिरते. ५०० ला लेन्सच्या मिलिमीटरने आणि कॅमेऱ्याच्या क्रॉपने भागायचं, येतील तेवढे सेकंद. १८ मिमी लेन्स आणि दीडपट क्रॉपचा कॅमेरा असेल, तर साधारण १८ सेकंद. बारीक पिक्सेलच्या नव्या कॅमेऱ्यांना त्याहून कमी. मुळशीचा अक्षांश साडेअठरा अंशांच्या आसपास आहे, त्यामुळे ध्रुवतारा उत्तर क्षितिजापासून हात लांब करून धरलेल्या दोन मुठींपेक्षा किंचित खालीच असतो. समोर डोंगर आला तर तो झाकला जातो. पुण्याचा उजेड पूर्वेला पसरतो, म्हणून मुळशी धरणाच्या पश्चिमेकडचं आभाळ निवडा. हे धरण टाटांचं. सेनापती बापटांचा मुळशी सत्याग्रह १९२१ साली सुरू झाला तो याच धरणाविरुद्ध. त्या शांत पाण्याखाली गावं आहेत, हे फोटो काढणाऱ्याला माहीत असावं असं मला मनापासून वाटतं.

मे अखेरीस काजवे येतात. त्यांचे दाट लुकलुकते फोटो सहसा एकाच फोटोत मिळत नाहीत. ट्रायपॉड जागचा न हलवता वीस-तीस सेकंदांचे अनेक फोटो घेऊन ते एकमेकांवर रचलेले असतात. स्वस्त ट्रायपॉड हे काम चोख करतो. बॅटरी आणि फ्लॅश मात्र बंद ठेवा. तो लुकलुकाट त्यांचं जोडीदाराला बोलावणं आहे आणि आपल्या उजेडात ते बोलावणं दिसेनासं होतं.

‘फोनला ट्रायपॉड कशाला?’ असंही विचारतात. फोन पूर्ण स्थिर आहे हे कळलं की काही फोन रात्रीच्या फोटोला हातात मिळतो त्याहून कितीतरी जास्त वेळ आपणहून देतात. शे-दोनशे रुपयांचा क्लॅम्प आणा आणि तोच फोन, तोच अंधार पुन्हा टिपून पाहा.

गंजाचं म्हणाल, तर ॲल्युमिनियम लोखंडासारखं गंजत नाही. ट्रायपॉड मरतो तो नळ्यांत अडकलेल्या चिखलाने. घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवा आणि नळ्या उघड्या ठेवून वाळवा.

आता मर्यादा. ३०० मिमीच्या पुढची लेन्स लावून पक्षी टिपायचे असतील, तर हा ट्रायपॉड पुरणार नाही, तिथे पैसे खर्चावेच लागतील. सुसाट वाऱ्यातही तो पुरत नाही. आणि वाहत्या ओढ्यात तर कोणताच ट्रायपॉड लावू नका, महागाचाही नाही. जुलै २०२४ मध्ये ताम्हिणीत एका दिवसात ५५६ मिमी पाऊस झाला होता. अशा दिवसांत वर पडलेला पाऊस क्षणात खाली उतरतो आणि प्रशासन पर्यटनस्थळं बंद करतं. तो आदेश पाळा.

विकत घेताना पाय पूर्ण उघडा, मधली दांडी खाली ठेवा, माथा तळहाताने दाबा आणि मग डोकं हलकेच पिरगाळून पाहा. दाबल्यावर पाय सरकले किंवा पिरगाळल्यावर सांध्यात खडखड जाणवली, तर दुसरा मागा. ऑनलाइन मागवला असेल, तर हीच परीक्षा परत करण्याची मुदत संपायच्या आत घ्या.